डॉक्टरांकडे कधी पाठवायचे, हे ठरवणारी बाई

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या बाईला दिवस गेले आणि तिची तब्येत ठणठणीत असली, तर बाळ हातात येईपर्यंत तिला एकही डॉक्टर भेटणार नाही, असे सहज घडू शकते. नाव नोंदवायचे ते थेट मिडवाइफच्या, म्हणजे शिकलेल्या व्यावसायिक सुईणीच्या, प्रॅक्टिसमध्ये. तपासण्या ती करते, कळा सुरू झाल्यावर फोन तिलाच करायचा असतो आणि सगळे सुरळीत राहिले तर बाळंतपणही तीच करते, घरी किंवा हॉस्पिटलात, बाळंतिणीला हवे असेल तिथे. स्त्रीरोगतज्ज्ञ ही पुढची पायरी, आणि त्या पायरीवर आपण आपल्या मनाने चढायचे नसते. मिडवाइफने किंवा फॅमिली डॉक्टरने पाठवले तरच तिथले दार उघडते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आइंडहोव्हनच्या परिसरात येऊन आम्हाला तोवर काही वर्षे झाली होती आणि इथल्या बऱ्याच रीतींची सवयही झाली होती, परंतु ही व्यवस्था गळी उतरायला वेळ लागला.

मी सांगलीची. माझ्या ओळखीतल्या सगळ्या जणींची बाळंतपणे नर्सिंग होममध्ये झालेली, आणि ‘मॅडम’ कोण आहेत यावर त्या नर्सिंग होमची किंमत ठरणारी. त्यामुळे इथल्या पहिल्या भेटीत समोर बसलेल्या, स्वेटर आणि जीन्स घातलेल्या तरुण बाईने माझा रक्तदाब घेतला, घराण्यातले आजार विचारले आणि पुढची तारीख दिली, तेव्हा ‘डॉक्टर कधी बघतील’ हा प्रश्न माझ्या तोंडून आपसूक गेला. तिने जराही न दुखावता सांगितले की गरज पडली तर बघतील, आणि गरज आहे की नाही हे ओळखणे हेच तिचे काम आहे. इथल्या मिडवाइफचे शिक्षण चार वर्षांचे, पदवीचे असते. ती कोणाच्या हाताखाली काम करत नाही. तिचा व्यवसाय कायद्याने स्वतंत्र आहे. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, बाळंतपण, गरज पडल्यास छेद देणे, टाके घालणे, वार पडल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून इंजेक्शन देणे, हे सगळे तिच्या कक्षेत येते. व्हॅक्यूमने बाळ ओढून काढणे, सीझर आणि मणक्यातले भुलीचे इंजेक्शन तिच्या कक्षेत येत नाही.

ही कक्षा आजकालची नाही. १८६५ साली इथे वैद्यकीय व्यवसायाचे नियमन करणारा कायदा झाला, त्यात मिडवाइफने फक्त सरळ बाळंतपणे करावीत आणि अवघड असेल तिथे डॉक्टरला बोलवावे, असे ठरले. बंधन घालणाऱ्या त्या तरतुदीतच तिच्या व्यवसायाला मान्यताही मिळाली. जे सरळ ते तिचे, हे त्यातून पक्के झाले. पुढे १९४१ पासून आरोग्य विम्याच्या नियमांनुसार, ज्या भागात मिडवाइफ उपलब्ध असेल तिथे सरळ बाळंतपणाचे पैसे तिलाच मिळत, फॅमिली डॉक्टरला नाही. युरोप-अमेरिकेत बाळंतपणे झपाट्याने रुग्णालयांत चालली होती, त्या काळात खेरित-यान क्लूस्टरमन हे आम्स्टरडॅमचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक उलट दिशेने बोलत राहिले. निरोगी बाईचे बाळंतपण हा आजार नाही, मात्र निरोगी कोण आणि जोखमीची कोण हे आधीच नीट निवडता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९६५ साली इथली सुमारे दोन-तृतीयांश बाळंतपणे घरीच होत होती. आज हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले आहे. पण या निवडीसाठी तयार झालेली यादी टिकली, वाढली आणि मिडवाइफ व स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून मान्य केलेला दस्तऐवज बनली.

त्या यादीशी माझी गाठ माझ्या मावशीमुळे पडली. मावशी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे बाळंतपणेही करणारी सहायक परिचारिका, होती आणि आता निवृत्त आहे. आईला माझ्या बाळंतपणाची काळजी होती, मावशीला मात्र कुतूहल होते. तिने व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न विचारला तो असा: “ती बाई केस वर पाठवते ती कशावरून? तिच्या मनावर आहे, का लिहिलेलं आहे?” मी पुढच्या भेटीत मिडवाइफला हेच विचारले, तर तिने पडद्यावर ती यादीच उघडून दाखवली. प्रत्येक अडचणीपुढे एक अक्षर असते. ‘ए’ म्हणजे मिडवाइफने सांभाळावे. ‘बी’ म्हणजे तज्ज्ञाशी बोलून ठरवावे. ‘सी’ म्हणजे तज्ज्ञाकडे सोपवावे. आणि ‘डी’ म्हणजे बाळंतपण मिडवाइफनेच करावे, पण घरी न करता हॉस्पिटलात करावे. आधीच्या बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई या गटात येते. आधीचे सीझर असेल तर ‘सी’. जुळे असेल तर ‘सी’. कळा चालू असताना गर्भजल हिरवट झाले, म्हणजे बाळाने पोटातच शी केली, तरी ‘सी’. मावशीला मी हे सांगितले तेव्हा ती ‘डी’ अक्षरावर अडली. आपल्याकडे केस एकतर आपली असते नाहीतर वरची, मधली अशी सोय नसते, असे ती म्हणाली आणि बराच वेळ त्याविषयीच विचारत राहिली.

माझे अक्षर ‘ए’ होते. भारतीय वंशामुळे मधुमेहाची शक्यता अधिक, म्हणून सहाव्या महिन्यात ग्लुकोज पाजून रक्त तपासले, ते ठीक निघाले. बाकी भेटी लहान लहान असत. मिडवाइफ आधी हात धुऊन, चोळून गरम करी, मग दोन्ही तळवे पोटावर ठेवून डोळे जवळजवळ मिटून बाळाची पाठ कुठे आहे ते चाचपून पाही, माझा हात धरून तिथे टेकवी आणि मग छोट्या यंत्राने ठोके ऐकवी. वजनाच्या काट्यावरून किंवा खाण्यावरून तिने मला कधी धारेवर धरले नाही. प्रॅक्टिसमध्ये चार-पाच जणी आळीपाळीने असल्यामुळे दर वेळी तीच बाई भेटेल याची खात्री नव्हती. ‘एकाच मिडवाइफची सोबत’ असे जे चित्र बाहेर रंगवले जाते, ते माझ्या वाट्याला तरी पूर्ण आले नाही.

घरी दुसरीच लढाई चालू होती. माझा नवरा यंत्रांचा माणूस. त्याला आकडे हवे होते. ते त्याला मिळाले, आणि त्यामुळेच त्याची झोप उडाली. २००९ साली पाच लाख एकोणतीस हजारांहून अधिक कमी जोखमीच्या बायकांचा इथलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात घरी बाळंतपण ठरवलेल्या आणि मिडवाइफबरोबर हॉस्पिटलात ठरवलेल्या बायकांच्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले. पुढच्याच वर्षी उत्रेख्त परिसरातला दुसरा अभ्यास आला आणि देशभर खळबळ माजली, कारण त्यात कमी जोखमीच्या म्हणून मिडवाइफकडे कळा सुरू झालेल्या बायकांच्या बाळांचे मृत्यू, जास्त जोखमीच्या म्हणून तज्ज्ञाकडे असलेल्या बायकांपेक्षा दुपटीहून अधिक निघाले. ही पार्श्वभूमीही कोरी नव्हती: युरोपातल्या देशांची तुलना करणाऱ्या अहवालांत २००३ साली आणि पुन्हा २००८ साली नेदरलँड्स जन्माच्या आसपास दगावणाऱ्या बाळांच्या बाबतीत तळाच्या देशांत आला होता, आणि मिडवाइफ व स्त्रीरोगतज्ज्ञ एकमेकींकडे बोट दाखवू लागले होते. उत्रेख्तच्या अभ्यासात कोणत्या भागातल्या किती बायका हिशोबात धरल्या, यावर सडकून टीका झाली, आणि मुळात हे आकडे हजारी एक-दोनच्या आतले होते. तरी तो प्रश्न पुसला गेला नाही.

नवरा रात्री हे वाची आणि सकाळी मला सांगे. मी ते ऐकून घेई आणि पुढच्या भेटीत विचारी. प्रॅक्टिसमधल्या वयाने थोराड मिडवाइफने दिलेले उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटले. तिचे म्हणणे असे की पहिला अभ्यास जागांची तुलना करतो, घर की हॉस्पिटल, आणि दोन्हीकडे मिडवाइफच असते. दुसरा अभ्यास माणसांची तुलना करतो. आणि दुसऱ्या अभ्यासात सर्वांत वाईट आकडे कोणाचे आहेत ते बघ, असे तिने सुचवले. ते होते कळा चालू असताना मिडवाइफकडून तज्ज्ञाकडे पाठवलेल्या बायकांचे. म्हणजे दुखणे होते ते या दोघांच्या मधल्या जागेत: कधी ओळखले, कधी पाठवले, पोचल्यावर किती लवकर कोणी हात लावला. नवऱ्याला हे बचावाचे बोलणे वाटले. मला नाही वाटले. वादाचे दोन्ही पक्ष ‘कोण चांगले’ यावर तावातावाने बोलतात, आणि ज्या क्षणी बाई एकीच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते त्या क्षणाबद्दल त्या मानाने फार कमी बोलतात, हे मला तेव्हा प्रथम लक्षात आले. आणि मिडवाइफकडे कळा सुरू होणाऱ्या पहिलटकरणींपैकी निदान निम्म्या त्या क्षणातून जातात.

आमच्या मराठी मंडळींत यावर तोडगे निघालेले होते. एक जण बाळंतपणासाठी सरळ पुण्याला गेली. दुसरी सीमा ओलांडून बेल्जियममध्ये तपासण्यांना जाई, कारण तिथे गरोदरपणात स्त्रीरोगतज्ज्ञालाच भेटण्याची रीत आहे आणि आमच्या भागातून तिथे गाडीने सहज जाता येते. मला दोन्ही मोह झाले. पुण्याचा मोह आवरला तो एका हिशोबाने: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सीझरने झालेली दिसतात, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांपुरते पाहिले तर हे प्रमाण ४७.४ टक्के आहे. सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के. एकाच देशातल्या बायकांच्या शरीरांत सरकारी आणि खासगी असा भेद असेल, हे पटण्यासारखे नाही. नेदरलँड्समध्ये ते सतरा टक्क्यांच्या आसपास आहे. कमी आकडा म्हणजे आपोआप चांगली काळजी असे मी मानत नाही, वेळेवर न झालेले सीझरही त्या कमी आकड्यातच लपते. पण माझ्या पोटावर सुरी चालणार की नाही हे दवाखान्याच्या मालकीवर ठरू नये, एवढे मला नक्की वाटत होते.

जागा मी हॉस्पिटलची निवडली. वैद्यकीय कारण नसताना हॉस्पिटल निवडले, तर खोलीच्या भाड्याचा काही भाग खिशातून द्यावा लागतो, घरी बाळंतपण केले तर लागत नाही. मिडवाइफची सेवा पूर्णपणे मूळ विम्यात बसते, तिच्यावर दरवर्षीची खिशातून भरायची रक्कम लागू होत नाही. वेदनाशमनाचे गणित आणखी वेगळे. मणक्यातले इंजेक्शन मागितले, की त्याच क्षणी केस तज्ज्ञाकडे जाते, कारण ते भूलतज्ज्ञाने द्यायचे असते आणि त्यानंतर बाळाच्या ठोक्यांची नोंद सतत ठेवावी लागते. मिडवाइफने हे मला समजावून सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात किंचित, अगदी किंचित, असा सूर होता की न मागणे बरे. या व्यवस्थेबद्दल माझी जी काही तक्रार आहे, तिची सुरुवात या सुरापासून होते. कळा सोसणे हा गुण आहे असे कोणी म्हणत नाही, पण खोलीतल्या हवेत ते असते.

सातवा महिना सरल्यावर पलंग उंच करण्याचे काम निघाले. बाळंतपण घरी होणार नसले तरी घरी येऊन बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईची कंबर मोडू नये म्हणून पलंग सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर उंचीचा असावा लागतो, आणि त्यासाठी पायांखाली लावायचे लोखंडी ठोकळे भाड्याने मिळतात. विमा कंपनीकडून एक भले मोठे खोके आले: जाळीच्या चड्ड्या, मोठे पॅड, गादीवर घालायचे कागदी पत्रे, नाळेला लावायची चिमटी. धातूची गरम पाण्याची बाटली आम्ही विकत आणली, बाळाच्या पायाशी ठेवायला. आई सांगलीहून आली, तिने तो पलंग पाहिला आणि म्हणाली, “बाळंतिणीनं यावर चढायचं कसं, शिडी लावून?” तिने आणलेल्या पेटीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढ्याच्या पुड्या, बाळंतशोपा आणि धुरीसाठी ओवा, वावडिंग असा सगळा जामानिमा होता, धुरीचे पुढे काय झाले ते धूर ओळखणाऱ्या भोंग्याने ठरवले.

कळा सुरू झाल्या त्या मध्यरात्रीनंतर. पहिलटकरणीने तासभर चार-पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा येऊ लागल्या की फोन करावा, रक्त गेले, पाणी हिरवट दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र ताबडतोब करावा, असे आम्हाला लिहून दिलेले होते. फोनवर मिडवाइफ माझ्याशीच बोलली, नवऱ्याशी नाही. बोलता बोलता मला कळ आली तेव्हा ती गप्प राहून ऐकत होती, आणि त्या आवाजावरून तिने यायचे ठरवले. ती आली, तपासले, गर्भाशयाचे तोंड जेमतेम उघडू लागले होते. तिने शॉवरखाली बसायला सांगितले, आईला चहा करायला लावला, आणि काही तासांनी परत येते म्हणून गेली. आईला तो धक्काच होता. कळा देणाऱ्या बाईला घरी सोडून सुईण निघून जाते, हे तिच्या कल्पनेत बसेना. मला उलट हायसे वाटले. त्या काही तासांत मला कोणी तपासले नाही, कशाला जोडले नाही; मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून पाठीवर गरम पाणी घेत राहिले, आणि आजही त्या दिवसातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

दुसऱ्यांदा ती आली तोवर सकाळ झाली होती. तपासत असतानाच पाणमोट फुटली. गादीवरचा कागदी पत्रा तिने खिडकीशी नेला, उजेडात धरला आणि माझ्याकडे वळून दाखवला. पाणी पातळ वाटाण्याच्या आमटीच्या रंगाचे होते. तिने काही सांगायच्या आधीच मला ‘सी’ हे अक्षर आठवले. तिने लगेच ठोके ऐकले, कळ संपल्यावरही यंत्र पोटावर धरून ठेवले, ते ठीक आहेत असे सांगितले, आणि मग अगदी साध्या शब्दांत म्हणाली की इथून पुढे हे माझ्या एकटीचे काम राहिलेले नाही. तिने हॉस्पिटलला फोन केला तो आमच्यासमोर. माझे वय, आठवडे, किती उघडले आहे, पाण्याचा रंग, ठोके, रक्तगट, एवढे सगळे दोन-तीन वाक्यांत. आम्ही आमच्या गाडीने निघालो, ती तिच्या गाडीने मागोमाग. ना गडबड, ना रुग्णवाहिकेचा भोंगा. मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून मी दिव्यांचे खांब मोजत होते आणि आई पुढे बसून रामरक्षा म्हणत होती.

हॉस्पिटलात तिने माझी केस सोपवली ती खाटेशेजारी उभी राहून, माझ्या देखत. पुढचे मात्र मला खुपले. सोपवून झाल्यावर ती निघाली. तिला दुसऱ्या बाईचा फोन आला होता, आणि नियमाप्रमाणेही तिची जबाबदारी संपली होती. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, नंतर घरी येईन असे म्हणाली आणि गेली. जिने महिनोन्महिने माझ्या पोटावर हात ठेवले, ती नेमकी अवघड वळणावर नाहीशी झाली, आणि खोलीतली सगळी माणसे नवी झाली. इथल्या व्यवस्थेवर तज्ज्ञ मंडळी जी टीका करतात ती बहुधा सुरक्षिततेबद्दल असते. ज्या बायका यातून गेल्या त्यांच्याशी बोलल्यावर हीच तक्रार अधिक ऐकू येते.

गंमत अशी की ‘तज्ज्ञाकडे’ गेल्यावरही माझ्याजवळ उभी राहिली ती मिडवाइफच. रुग्णालयाच्या नोकरीत असलेली, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या जबाबदारीखाली काम करणारी. तिने पोटाला पट्टे बांधले, ठोक्यांचा आलेख पडद्यावर सरकू लागला, आणि तेव्हापासून खोलीतले प्रत्येक माणूस माझ्याऐवजी त्या पडद्याकडे पाहून बोलू लागले. त्यात माझा नवराही आला. मी मणक्यातले इंजेक्शन मागितले. आता केस इकडची झालेलीच होती, तेव्हा कोणताही सूर न लावता होकार मिळाला, मात्र भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत असल्यामुळे बराच वेळ थांबावे लागले. ते मिळाल्यावर मी चक्क झोपले. निसर्गावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी मला माफ करावे, पण त्या झोपेशिवाय पुढचे जोर देणे मला झेपले नसते.

जोर देण्याच्या टप्प्यात बाळाचे ठोके कळेगणिक खाली जाऊ लागले आणि वर यायला वेळ घेऊ लागले. रुग्णालयातल्या मिडवाइफने मला कुशीवर वळवले, मग पुन्हा पाठीवर, मग एक बटण दाबले. स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या. मला त्या दिवसात भेटलेल्या त्या एकमेव स्त्रीरोगतज्ज्ञ; खोलीत फार तर अर्धा तास असतील. त्यांनी नाव सांगितले, काय करणार ते सांगितले, ‘चालेल का’ असे विचारले आणि माझ्या मानेची हालचाल दिसेपर्यंत थांबल्या. मग तळहाताएवढी वाटी, हाताने दाबायचा छोटा पंप, कळेबरोबर ओढ. मिडवाइफ एका हाताने माझे पोट चाचपून कळ आल्याचे सांगत होती आणि डॉक्टर तिच्या शब्दावर ओढत होत्या. छेद द्यावा लागला. मुलगी झाली. ती रडायला एक क्षण उशीर झाला, तिला बाजूच्या टेबलावर नेले, बालरोगतज्ज्ञांनी तपासले, आणि मग ती माझ्या छातीवर आली, टाळूवर त्या वाटीचा गोल उंचवटा घेऊन. त्या खोलीत डॉक्टर नसत्या तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो. आदल्या रात्रीपासूनच मला खाटेवर पट्ट्यांनी बांधून ठेवले असते तर काय झाले असते, हाही येतो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून ‘क्रामझोर्ग’ची बाई येऊ लागली. हा या व्यवस्थेचा तिसरा खांब आहे आणि मिडवाइफविषयीच्या वादात त्याचे नाव क्वचित निघते. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस, किमान चोवीस आणि जास्तीत जास्त ऐंशी तास, प्रशिक्षित बाई घरी येऊन बाळंतिणीचे टाके, ताप, गर्भाशय उतरते आहे की नाही, बाळाचे वजन, लघवी, कावीळ हे सगळे पाहते, लिहून ठेवते, वर न्हाणीघर धुते, कपडे वाळत घालते आणि पाहुण्यांना वेळेवर हाकलते. तासाला पाच युरोंच्या आसपास आपण द्यायचे, बाकी विमा देतो. मिडवाइफ मध्ये मध्ये येऊन त्या नोंदी बघते. बाळाचे वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांनी उतरले की तिला कळवायचे असते.

आईचे आणि तिचे सुरुवातीला जमेना. आईला माझे डोके बांधायचे होते, तिला खिडकी उघडायची होती. बाळाला कोणी न्हाऊ घालायचे यावर तर शीतयुद्धच पेटले. शेवटी एके सकाळी आईने न्हाणीघरात पाट मांडला, पाय पसरून बसली, नातीला पायांवर पालथे घेतले आणि तेल चोळून पाणी घालू लागली. बाई थर्मामीटर घेऊन दारात उभी होती. तिने पाण्याचे तापमान पाहिले, ते बरोबर निघाले. बाळाचे डोके आईच्या घोट्यांत कसे पक्के बसले आहे ते वाकून पाहिले. आणि नोंदवहीत ‘आजीने पायांवर अंघोळ घातली, बाळ शांत’ असे लिहिले. त्यानंतर आईनेही तिने आणलेला पदार्थ चाखला: कुरकुरीत टोस्टवर लोणी, आणि त्यावर साखरेत घोळलेले गुलाबी-पांढरे ॲनिसचे, म्हणजे बडीशेपेच्या कुळातले, दाणे. बाळ झाले की इथे हेच वाटतात. त्या दाण्यांनी दूध येते असा इथल्या जुन्या बायकांचा समज, हे ऐकल्यावर आईने आपली बाळंतशोपांची पुडी उघडून तिच्यासमोर ठेवली, आणि उरलेले दिवस दोघी बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने नांदल्या.

सहा आठवड्यांनी शेवटची तपासणी प्रॅक्टिसमध्ये झाली, ती पाणी उजेडात धरून पाहणाऱ्या मिडवाइफकडेच. तिने माझी सगळी नोंद पुन्हा वाचली आणि प्रत्येक निर्णयाशी थांबून मला काय वाटले ते विचारले. मी तिच्या निघून जाण्याबद्दल बोलले. तिने समर्थन केले नाही. थांबणे काही प्रॅक्टिसना जमते, आमच्याकडे रात्रपाळीला एकच जण असते, म्हणून जमत नाही, एवढेच म्हणाली. मग मी मावशीचा प्रश्न विचारला. मावशीने सगळी हकिकत ऐकून फोनवर एकच गोष्ट विचारली होती: “तिनं तुला पाठवलं, त्याबद्दल तिला वरून कोणी बोललं का?” मावशीच्या नोकरीत पाठवलेल्या केसमागे गाडी मिळवण्यापासून घरच्यांची मनधरणी करण्यापर्यंत सगळे तिच्यावर असे, आणि पोचल्यावर पुष्कळदा ऐकावे लागे की एवढ्यासाठी कशाला पाठवली, किंवा इतक्या उशिरा कशी पाठवली, दोन्ही वाक्ये एकाच केसबद्दलही ऐकल्याचे ती सांगते. २०१८ साली केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, नर्सना अठरा महिन्यांचे जादा शिक्षण देऊन मोठ्या रुग्णालयांतच त्यांचे स्वतंत्र कक्ष उभारायचे ठरवले, आणि तेलंगणने तर त्याआधीच २०१७ मध्ये असे प्रशिक्षण सुरू केले होते, हे मी मावशीला उत्साहाने सांगितले तेव्हा तिने शिक्षणाबद्दल काहीच विचारले नाही. पाठवलेली केस वर कोण घेणार आणि कशी घेणार, याबद्दल त्यात काय लिहिले आहे, हेच तिला हवे होते.

मिडवाइफला हा प्रश्न प्रथम समजलाच नाही. मग तिने सांगितले की या भागातल्या मिडवाइफ आणि रुग्णालयाचे तज्ज्ञ ठरावीक काळाने एकत्र बसतात, बाळ दगावलेल्या केसची तर २०१० पासून देशभर रीतसर छाननी होते, आणि त्या बैठकीत विचारले जाते ते उशिराबद्दल. पाठवल्याबद्दल तिला आजवर कोणी बोललेले नाही. पैशाबद्दल मात्र दोन्हीकडे कुरबूर आहे, हेही तिने लपवले नाही. २०१७ पासून मिडवाइफ आणि रुग्णालय यांना मिळून एकच रक्कम देण्याची मुभा आहे, आणि आपले स्वातंत्र्य त्यात बुडेल अशी भीती अनेक मिडवाइफना वाटते. तिलाही वाटते.

मी हे सगळे मावशीला सांगितले. तिने उशिराबद्दलच्या बैठकीत कोण कोण बसते, एएनएमच्या पातळीची बाई तिथे बोलू शकते का आणि तिचे बोलणे लिहून घेतात का, असे बारीक बारीक विचारून घेतले. सातारच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तिला अजून अधूनमधून बोलावतात. ती यादी, चार अक्षरांसकट, मराठीत करून पाठव असे तिने सांगितले आहे, आणि मुलगी झोपली की मी तेच करत बसते. ‘डी’पर्यंत पोचले आहे.